सहा वर शून्य

४ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. लेखी परीक्षा पास, मुलाखत पास, धावणं पास, आणि शेवटी डाव्या कानाने घात केला. लष्कराच्या डॉक्टरांनी मला काचेच्या एका खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं झाल्यावर मी डाव्याची वाट बघत बसून राहिले. बराच वेळ काहीच होईना, म्हणून दार ढकलून विचारलं की सुरू कधी करताय. ते म्हणाले, संपलंसुद्धा.

लहानपणी कान फुटला होता, मग शस्त्रक्रिया झाली, आणि आपले डॉक्टर म्हणाले होते की मर्यादेत बसेल, हे तुला माहीत आहेच. नाही बसला. कागदावर 'कायम अपात्र' असा शिक्का आहे, आणि तो इतका दणकून मारलाय की मागच्या बाजूनेही वाचता येतो.

बाबांनी मागच्या वर्षी माझ्या अधिकाऱ्याच्या वर्दीसाठी हिरवट कापड आणून दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वर्द्या शिवल्या, शाळकरी पोरांपासून बसच्या कंडक्टरांपर्यंत. आता एक घरातली शिवायची, असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. काल त्यांनी ते कापड खाली उतरवलं, झटकलं, घडी मोडून पुन्हा घातली आणि होतं तिथेच ठेवून दिलं. बोलले काहीच नाहीत. बाबा बोलत नाहीत म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

आता मी दुकानात काजं करते. सैन्यशास्त्राची पदवी घेऊन काजं. लढायांच्या तारखा पाठ आहेत, नकाशावरचा डोंगर बघून त्याचा चढ सांगता येतो, आणि याचा उपयोग शून्य. तुझ्या नादाने मी हा विषय घेतला, आत्या. रागावून म्हणत नाहीये. म्हणजे, थोडं रागावूनच.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू माझी समजूत घालशील, समजूत घालताना तू हळू बोलतेस, आणि हळू बोललेलं मला ऐकू येत नाही. पत्रात कुणी पुटपुटत नाही, हे तूच मला शाळेत असताना सांगितलं होतंस.

एका कानाच्या माणसावरही लोभ राहू दे.

तुझी,
पोपट


११ मार्च

चि. पोपट हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज संध्याकाळी उत्तर लिहायला घेत होते आणि फाडत होते. एका पत्रात फारच शहाणपण झालं, दुसऱ्यात नुसतंच रडगाणं. शेवटी तुला लिहायचं ते आधी रोजनिशीत लिहून पाहिलं. तिथे खोटं लिहिताना माझा हात अडखळतो.

तू माझ्या नादाने विषय घेतलास हे खरं. मी तो शिकवते, मला तो आवडतो, आणि आवडीची गोष्ट माणूस जरा जास्तच गोड करून सांगतं. पण एक गोष्ट मी दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गाला सांगते आणि ती कुणीच कानावर घेत नाही (यात तुझ्या डाव्या कानाचा दोष नाही, दोन्ही कान धड असलेलेही घेत नाहीत): या विषयातून वर्दीकडे एक रस्ता जातो, पण हा विषय म्हणजे तो रस्ता नव्हे. तू माझ्या वर्गात नव्हतीस, म्हणून तुला सांगायचं राहिलं.

माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी सैन्यात गेले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे काय करतात ते ऐक. एकजण नकाशाच्या कचेरीत बसून नद्यांनी पात्र कुठे बदललं ते शोधतो. एक मुलगी वर्तमानपत्रात सीमेवरच्या बातम्या लिहिते, आणि तिचं लिहिलेलं वाचून मंत्री चिडतात असं ती अभिमानाने सांगते. एकाकडे बंदराची सुरक्षा आहे. एक संशोधन करतो, त्याचे प्रबंध मला पूर्ण कळत नाहीत आणि मी कळल्यासारखं दाखवते. एकजण धान्याच्या कोठाराचा कारभार बघतो. तो म्हणतो, बाई, फौजेला रसद कशी पोचवायची ते शिकलो होतो, आता गावांना पोचवतो, फरक एवढाच की इथे कुणी सलाम करत नाही.

आणि एकजण आपत्ती निवारण दलात आहे. पूर, आग, दरड, जे काही कोसळेल तिथे हे पोचतात. तिथल्या नियंत्रण कक्षात समन्वय अधिकारी घेणार आहेत. निरोप घ्यायचे, नकाशावर मांडायचे, कुठली होडी, कुठली गाडी, किती माणसं कुठे पाठवायची ते ठरवायचं. जाहिरातीत चक्क सैन्यशास्त्राच्या पदवीचा उल्लेख आहे. कात्रण सोबत पाठवते आहे. चुरगाळून टाकायचं असेल तर वाचून मग चुरगाळ.

दादाला माझा नमस्कार सांग. तो बोलत नसेल तर बोलू नको म्हणावं, पण जेवायला बस म्हणावं.

राग धरलास तरी चालेल, पत्र धरून ठेवू नकोस.

तुझी आत्या


२२ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

कात्रण वाचलं. चुरगाळलं. मग इस्त्रीखाली धरून सरळ केलं. दुकानात इस्त्री असल्याचा एवढा एक फायदा.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, हे ते होडीवाले ना, केशरी कपडे घालून दोऱ्या ओढतात ते? ती काय वर्दी म्हणायची, ते तर रेनकोट. आई म्हणाली, तुम्हाला मुलीला काम मिळायला हवंय की तुम्हाला कापड कापायला हवंय? त्यावर बाबा बटणं शोधायला आत गेले, ती बराच वेळ सापडली नाहीत.

मला स्वतःलाही हे दुय्यम वाटतं, खोटं कशाला बोलू. माझ्याबरोबरची एक मैत्रीण अकादमीत दाखल झाली. तिने फोटो पाठवला, केस बारीक कापलेत, हसतेय. मी छान दिसतेस म्हणून कळवलं आणि मग अख्खी दुपार शिलाई उसवत बसले.

पण एक गंमत केली. शाळा सुरू होण्याआधी दुकानात जी रणधुमाळी चालते, तिच्यासाठी मी लष्करी पद्धतीने आदेशपत्र लिहिलं. पाचही मथळे घातले. परिस्थिती: शत्रू, म्हणजे पालक, मोठ्या संख्येने एकत्र होत असून तो घाईला आलेला आहे. उद्दिष्ट: शाळेची घंटा वाजण्याआधी प्रत्येक पोराच्या अंगात चड्डी. अंमलबजावणी: आधी मोठ्या मापांची कापणी, म्हणजे उरलेल्या तुकड्यांत लहान मापं निघतील. पुरवठा: हुक, बटणं, आणि कारागिरांना चहा. पाचव्या मथळ्यापर्यंत कंटाळा आला.

ते भिंतीवर चिकटवलं. कारागीर हसले, पण बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि तिसऱ्या मथळ्यापाशी नुसतं हं म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून मोठी मापं आधी कापली जाताहेत. मला कुणी काही सांगितलेलं नाही.

नक्कल पाठवते. लाल शाई जपून वापर. लोभ आहे तेवढा पुरे, गुण वाढवून दे.

तुझी,
पोपट


२ एप्रिल

चि. पोपट हिस,
अनेक आशीर्वाद.

आदेशपत्र वाचून मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसले, आणि ग्रंथपाल बाईंनी बरं आहे ना म्हणून विचारलं. पहिल्या चार मथळ्यांना उत्तम. 'अंगात चड्डी' हे उद्दिष्ट म्हणून निर्दोष आहे: एका वाक्यात, आणि पूर्ण झालं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. माझे कित्येक विद्यार्थी वर्षभर शिकून असं वाक्य लिहू शकत नाहीत.

पण पाचवा मथळा कोरा आहे. संपर्क. कोण कुणाला कळवणार, आणि कळवलेलं त्याला बरोबर कळलं की नाही हे आपल्याला कसं कळणार? लढाया इतर चार मथळ्यांत चुकतात त्याहून जास्त या पाचव्यात चुकतात. आणि हा मथळा तू सोडावास याची मला मौज वाटली. तू लहान असताना दादा तुला दुकानातून पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आण म्हणायचा, आणि तू दारात थांबून म्हणायचीस, पांढरा दोरा, दोन रिळं, आणू? तो वैतागायचा. म्हणूनच त्याने तुझं नाव पोपट ठेवलं. घरात सगळे हसायचे, मीही हसायचे, पण तू कधी चुकीचा दोरा आणल्याचं मला आठवत नाही.

आता तयारीचं. रोज सकाळी धावणं सोडायचं नाही. दर पत्राबरोबर मी एक नकाशा पाठवीन. त्यावर पाणी कुठून चढेल आणि कुठला रस्ता आधी बुडेल ते आखून परत पाठवायचं. रोज एक बातमी घ्यायची आणि ती एखाद्या घाईतल्या साहेबाला सांगायची असल्यासारखी चार ओळींत लिहायची. विशेषणं कापायची. तू विशेषणं फार घालतेस, हा आपल्या घराण्याचाच दोष आहे.

एवढं सगळं लिहून झाल्यावर माझ्या मनात आलं, मी हे तुझ्यासाठी करतेय की माझा विषय फुकट गेला नाही हे सिद्ध करण्यासाठी? दोन्ही असेल. तुझी हरकत नसेल तर दोन्ही चालू देत.

माया आहे, म्हणूनच लाल शाई आहे.

तुझी आत्या


६ मे

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

चौथ्या नकाशावर तू दिलेला शेरा वाचला. पूर्वेचा रस्ता आधी बुडेल, मान्य. मी डोंगर बघत बसले आणि नाला बघितलाच नाही.

आज घाईत लिहितेय, कारण घरात युद्ध पेटलंय. दलाचा अर्ज भरायचा आहे. त्यात एक प्रश्न आहे: ऐकण्यात काही कमतरता आहे काय? पुढे होय, नाही, आणि तपशिलासाठी एक ओळ.

बाबा म्हणतात, नाही लिही. त्यांचं म्हणणं, तुला कुठे कमतरता आहे, तू तर सगळं दोनदा ऐकतेस. कमतरता आम्हाला आहे, आम्हाला सगळं दोनदा सांगावं लागतं. इथे ती काचेची खोली नसते, एक डॉक्टर घड्याळ कानाशी धरतो आणि सही करतो, असं त्यांच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलंय. एकदा खरं सांगून बघितलं ना, काय मिळालं, असंही म्हणाले. ते म्हणताना त्यांनी फळीकडे बघितलं.

आई म्हणते, लिहायचं ते लिहा, पण ताटावर भांडू नका.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. 'होय' लिहिलं तर अर्ज पहिल्याच चाळणीत जाणार, याची मला खात्री आहे. आणि हे काम आता मला हवंय, आत्या. मार्चमध्ये नको होतं, आता हवंय. तुझे नकाशे सोडवताना मी त्या गावांत राहायला लागलेय. परवा स्वप्नात मी एका शाळेच्या गच्चीवर होडी नेत होते. पुन्हा एकदा तसाच शिक्का बसला तर काजं करायलाही माझे हात उठणार नाहीत.

तू काय करशील ते सांग. तू हो म्हण म्हणालीस तर हो, नाही म्हण म्हणालीस तर नाही. लवकर कळव. लोभ राहू दे, पण या वेळी लोभाच्या आधी उत्तर हवं.

तुझी,
पोपट


९ मे

चि. पोपट हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका वाक्याचा आहे. उत्तर लिहायला मात्र मला सगळी सुटीची दुपार लागली.

माझी नोकरी पक्की आहे, माझे दोन्ही कान धड आहेत, आणि दुसऱ्याच्या भविष्यावर प्रामाणिक राहणं फार सोपं असतं. म्हणून 'खरं बोलावं' असं मी तुला लिहिणार नाही. शाळेच्या भिंतीवर ते आधीच लिहिलेलं असतं. दादाची बाजूही मला कळते. त्याने तुला त्या काचेच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलंय, मी नाही.

मी फक्त एवढा विचार केला: तू त्या खोलीत बसली आहेस, वायरलेस तुझ्या हातात आहे, आणि पलीकडे कुणीतरी छपरावर उभं आहे. तुझ्या शेजारी बसणाऱ्याला तुझा डावा कान माहीत नसेल, आणि त्याने डावीकडून काही सांगितलं, तर? ज्याला ते भोगावं लागेल त्याने तुझा अर्ज वाचलेला नसेल.

म्हणून मी असते तर 'होय' लिहिलं असतं. पण तपशिलाची ती ओळ मोकळी सोडली नसती. तिथे लिहिलं असतं: डाव्या कानाने कमी ऐकू येते, उजव्या कानाने पूर्ण, म्हणून मिळालेला प्रत्येक निरोप परत म्हणून खात्री करून घेण्याची लहानपणापासूनची सवय आहे. तुझ्या आदेशपत्रातला कोरा राहिलेला पाचवा मथळा हाच आहे. लष्करात हे शिकवावं लागतं, आणि लोक ते कंटाळा येऊन विसरतात. तुला विसरून चालतच नाही.

यामुळे अर्ज गेला तर तू मला दोष देशील, आणि तो मी घेईन. पण निर्णय तुझा. माझं ऐकून लिहिलंस असं मात्र लिहू नकोस. तुला पटलं म्हणून लिही, नाहीतर लिहू नकोस.

पत्र टपालात टाकून आल्यावर मी कदाचित ते परत मागायला जाईन. पण पेटी बंद असेल, हे बरं.

काहीही लिहिलंस तरी तुझीच,
आत्या


२८ जून

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

'होय' लिहिलं. तपशिलाची ओळ पुरली नाही, समासात लिहिलं. बाबा दोन दिवस माझ्याशी मापांपुरतंच बोलले.

आणि अर्ज पहिल्या चाळणीत गळला नाही! लेखी परीक्षाही झाली, पुराचाच नकाशा होता, आणि मी नाला आधी बघितला. काल मुलाखत झाली. लांबलचक टेबलामागे चारजण. मधे एक निवृत्त कॅप्टन, मिश्या अशा की त्यांच्या आड ओठ हलतात की नाही तेच दिसत नाही. आणि मला तर ओठ बघून ऐकायची सवय. मी खुर्ची उचलून थोडी डावीकडे सरकवली, म्हणजे सगळे माझ्या उजव्या बाजूला आले. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, मोर्चा नीट लावतेय. एक बाई हसल्या.

मग कॅप्टनांनी तो समासच वाचून दाखवला आणि म्हणाले, म्हणजे कान एक, आणि अर्ज कुठे, तर वायरलेसवर? मला तू लिहिलेलं आठवलं. मी म्हटलं, दोन कानांच्या माणसाला ऐकल्यासारखं वाटतं आणि तो कामाला लागतो. मला तसं वाटण्याची सोय नाही, मला विचारावंच लागतं. कॅप्टन म्हणाले, विचारण्यात वेळ जातो. मी म्हटलं, चुकीच्या ठिकाणी जाऊन परत येण्यात जास्त जातो. त्यावर मिश्यांमागे काय झालं ते मला दिसलं नाही.

शेवटची फेरी पुढच्या महिन्यात, मैदानावर. तंबू, वायरलेस, खोटा पूर, खरा चिखल. सहाजणांचा गट, आणि आळीपाळीने प्रत्येकजण वायरलेसवर. गट नापास झाला तर गटातले सगळे नापास.

हात जोडून ठेव. माझ्यासाठी नको, उरलेल्या पाचांसाठी.

तुझी,
पोपट


१५ जुलै

चि. पोपट हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला फेरी उरकल्यावर मिळेल, म्हणजे त्याचा काहीच उपयोग नाही. तरी लिहिते. कालपासून मी वर्गात तीच तीच लढाई दोनदा शिकवली, आणि पोरांनी मला सांगितलं नाही. ती दुसऱ्यांदाही लिहून घेत होती.

मनात सारखं येतं, तो समास मी लिहायला लावला. पास झालीस तर तुझ्यामुळे. नाही झालीस तर माझ्यामुळे, असा हिशेब मी रोजनिशीत मांडला, आणि मग वाचून मलाच तो फार आढ्यतेचा वाटला. तुझ्या नापास होण्यावरही मी माझं नाव घालायला निघाले होते. खोडून टाकला.

काय झालं ते कळव. जे झालं असेल ते. वाट बघणारी,

तुझी आत्या


१९ जुलै

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

बसून वाच. उभी असशील तर बस. बसलीस? मग ऐक.

गटात मी, एक पैलवान (खरंच कुस्त्या खेळतो), दोघी जुळ्या बहिणी, एक चष्मेवाला आणि एक जण जो सतत शिट्टी वाजवायचा. तंबूत मोठा नकाशा, फळा, आणि एक वायरलेस. बाहेर जनरेटर असा धडधडत होता की दोन कानवाल्यांनाही धड ऐकू येईना. पलीकडे टेकडीवर दलाचा एक माणूस हातातल्या कागदांवरून पुराचे निरोप देत होता.

माझ्या पहिल्या पाळीत मी स्वतःचं हसं करून घेतलं. निरोप आला, मी नेहमीसारखा परत म्हटला: फूल वाहून गेलं, बरोबर? पलीकडून हसण्याचा आवाज, आणि मग ओरडून सांगितलं, पूल, पूल! तंबूत सगळे लोळले. पैलवान म्हणाला, बाई, फूल वाहून गेलं तर आपण हार पाठवू. पुढचे सगळे निरोप मी परत म्हणत होते आणि जुळ्या बहिणी माझ्यामागे पोपटासारख्या म्हणत होत्या. त्यांना माझं घरातलं नावही माहीत नव्हतं, तरी त्यांनी बरोबर तेच शोधलं. कोपऱ्यात कॅप्टन वहीत काही लिहीत होते. मला वाटलं, मी संपले.

मग पैलवानाची पाळी. तो भराभर निरोप घ्यायचा, ओके म्हणायचा, फळ्यावर लिहायचा. फळा बघता बघता भरला, कामं वाटली गेली, सगळे खूश. त्याच्यानंतर पुन्हा मी. बसल्या बसल्या मी टेकडीला म्हटलं, आधीचे जे निरोप अजून पुरे झालेले नाहीत ते मी परत म्हणते, चुकलं तर सांगा. पैलवान म्हणाला, झालंय गं सगळं, कशाला वेळ घालवतेस. शिट्टीवाल्याने शिट्टी वाजवली. माझ्या मनातही आलं की सोडून द्यावं. फुलावरून झालं तेवढं पुरे. पण मला येतं तेच एवढं आहे, आत्या. तेही सोडलं तर मी तिथे कोण?

मी म्हणायला लागले. दवाखान्याला औषधं, बरोबर. पूर्वेचा रस्ता बंद, बरोबर. शाळेच्या गच्चीवर सात माणसं. पलीकडे खरखर. मग आवाज आला: साठ. मी विचारलं, सहा वर शून्य? तो म्हणाला, सहा वर शून्य. साठ.

तंबूत कुणी हसलं नाही. सात माणसांसाठी आम्ही सगळ्यात लहान होडी नेमली होती, ती निघायच्या बेतात होती. आणि निरोपांप्रमाणे धरणाचा दरवाजा लवकरच उघडणार होता, मग ती वाट बंद होणार होती. एकच फेरी मिळणार होती. पैलवान पांढराफटक पडला. पण त्याला शाबासकी द्यायला हवी, कारण क्षणभरच. मग तोच नकाशावर झुकला आणि म्हणाला, मोठ्या दोन होड्या बाजारातून काढ, तिथे पाणी गुडघाभर आहे, तिथली माणसं गाडीनेही निघतील. चष्मेवाल्याने वेळ काढली, बहिणींनी गाडीला निरोप दिला, आणि तो त्यांनी परत म्हणवून घेतला, मी न सांगता. दरवाजा उघडण्याच्या घोषणेआधी होड्या पोचल्या आणि भरून निघाल्या. खोट्या पुरातली खोटी साठ माणसं, पण मला खरंच रडू आलं.

नंतर मी कॅप्टनांना विचारलं, की हा सापळा होता का. ते म्हणाले, मुळीच नाही, कागदावर साठ होतं आणि टेकडीवरचा साठच म्हणाला. फळ्यावर सात बघून त्यांनी आमच्या गटापुढे काट मारायला पेन उघडलं होतं. ते पेन त्यांनी मला दाखवलं, टोपण तसंच काढलेलं होतं. मग म्हणाले, कान तपासणाऱ्यांनी तुम्हाला अपात्र केलं ते त्यांच्या कामासाठी बरोबर असेल, मी माझ्या कामासाठी माणूस शोधतोय.

गट पास. सहाही जण! आणि समन्वय अधिकारी म्हणून नेमणूक झाली ती आमच्यातल्या दोघांची, माझी आणि चष्मेवाल्याची. पैलवान होडीवर जाणार, त्याला तेच हवं होतं. त्याने निघताना मला विचारलं, लग्नात उखाणा घेतलास तर नवऱ्यालाही परत म्हणायला लावशील का. मी म्हटलं, नक्की.

आत्या, तू शिकवलेला विषय शून्य नाही. असलाच तर सहा वरचं शून्य आहे.

लोभ असाच राहावा, हे परत म्हण, म्हणजे खात्री होईल.

तुझी,
पोपट


२४ जुलै

चि. पोपट, समन्वय अधिकारी, हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

लोभ असाच राहील. परत म्हटलं.

तुझं पत्र मी आधी बसून, मग उभी राहून, मग ग्रंथपाल बाईंना ऐकवून वाचलं. वर्गातही वाचलं, नाव न सांगता. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एकीने हात वर केला आणि म्हणाली, म्हणजे बाई, पुढच्या आठवड्यात नकाशाची चाचणी, मंगळवारी, बरोबर? मी बुधवार म्हटलं होतं. सगळा वर्ग हसला, आणि मीच सगळ्यात जास्त.

मी तुला सल्ला दिला तो बरोबर होता की फक्त नशिबाने बरोबर ठरला, यावर रोजनिशीत एक पान लिहून झालं. पान भरलं तसा थकवा आला, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज आनंद करायला हरकत नाही. सही करून त्याखाली रेघही मारली.

दादाचं काही कळव. त्याला मी लिहिलं होतं, उत्तर नाही.

अभिमानाने फुगलेली,
तुझी आत्या


३ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
दादाचा आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे जपून ठेव, दुसरं येणार नाही.

पोर रुजू झाली. जाताना रडली नाही, आई रडली, मी दुकानात होतो. आता दलाच्या वर्दीचं ऐक. केशरी रंग. मी जन्मात असा रंग शिवलेला नाही, सुई डोळ्यांपुढे नाचते. दल तयार वर्दी देतं, पण ती म्हणजे पोतं, बगलेत वितभर कापड उरतं. मी पोरीला सांगितलं, ते कापड इकडे पाठव, मी नीट शिवून देतो. वरिष्ठांनी परवानगी दिली. तो मिशीवाला म्हणाला म्हणे, वडिलांना सांगा, माझीही शिवा.

वरच्या फळीवरचं हिरवट कापड मी कुणाला विकलेलं नाही. त्याचं अस्तर लावणार आहे आतून. बाहेरून दिसणार नाही. तिला सांगितलेलं नाही, घालेल तेव्हा दिसेल.

आता खरी गोष्ट. मापं घ्यायला काल तिला फोन लावला. दलाच्या पद्धतीने सगळी मापं सेंटिमीटरात. मशीन चालू होतं, कारागीर बोलत होते, एक गिऱ्हाईक पुढ्यात उभं. मी विचारलं, बाही किती. ती काहीतरी म्हणाली. मला सात ऐकू आलं की साठ, ते कळेना. शिवणाऱ्याला बाहीचं माप कळणार नाही असं नाही, सात सेंटिमीटरची बाही बाहुलीचीसुद्धा नसते. पण मी मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं, आणि फोनमध्ये मोठ्याने म्हटलं, सहा वर शून्य, साठ, बरोबर?

पलीकडे काही आवाजच नाही. मला वाटलं, आता माझ्या कानाचं काही बिघडलं. मग हळूच म्हणाली, बरोबर, बाबा.

पुढची सगळी मापं मी परत म्हणून घेतली. दुकानात सगळे हसत होते. हसू देत. वर्दी अंगाला बसायला हवी.

लोभ आहेच. तुझ्या वहिनीने नमस्कार सांगितलाय, तो मी तिच्यापुढे परत म्हणून खात्री करून घेतलाय.

तुझा,
दादा